प्रमिलाताईंचं स्पंदनकुलूप

साताऱ्याच्या 'गतिवेध' प्रयोगशाळेच्या आवारात सगळ्या मोटारसायकली सारख्याच असत. राखाडी, विजेवर चालणाऱ्या, परिवहन मंडळाच्या शिक्क्याच्या. त्यांच्या शेजारी प्रमिलाताई देवस्थळींनी आपली पेट्रोलवरची जुनी काळी गाडी आणून लावली, तेव्हा वरच्या मजल्यावरून दोघंतिघं खाली डोकावली. नऊवारीतली बाई कॉलेजच्या वयापासूनची मोटारसायकल अजून चालवते हे त्यांनी ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं.

डॉ. निषाद वैशंपायन मात्र धावतच खाली आला. इंजिनिअरिंग कॉलेजात ताईंनी त्याला इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी वडिलांची नारदीय कीर्तनाची गादी हौसेने पुढे चालवली आणि घाटापलीकडच्या, धरणाच्या पाण्यानं तुटलेल्या वाड्या आपल्या मानल्या. तिथे एसटी पोचत नाही. ताई पोचतात, मागे बाजाची पेटी बांधून.

पण नवा नियम झाला होता. जुनी गाडी रस्त्यावर ठेवायची तर चावी काढून टाकायची आणि स्पंदनकुलूप बसवून घ्यायचं. आणि स्पंदनकुलूप हा निषादचा शोध होता.

गाडी बदलायचं काम ताईंनी स्वतःच केलं. टाकीखालचं चावीचं कुलूप उपसून काढलं, त्याच्या तारा निषादच्या स्पंदनकुलपाला जोडल्या, हँडलच्या मुठींवर चांदीच्या तारेची जाळी गुंडाळली. चावीचं भोक उघडं राहिलं होतं, त्यावर त्यांनी तडकलेल्या झांजेतून कापलेली काशाची चकती घट्ट बसवली. मग हात पुसत म्हणाल्या, "आता सांग, हे चालतं कसं. तोंडी परीक्षा आहे असं समज."

"मॅडम, आधीच्या बिनचावीच्या गाड्यांत खिशातल्या चकतीचा संदेश गाडीला मिळायचा. चोर तोच संदेश लांबून ओढून घ्यायचे. म्हणून मी हृदय घेतलं." त्याने बोटातली स्पंदनअंगठी दाखवली. "श्वास आत घेतला की ठोके थोडे जलद पडतात, सोडला की मंदावतात. या चढउताराची लाट प्रत्येकाची वेगळी. अंगठी माझी लाट गाडीला सतत सांगत असते. मुठीवरचा हात त्याच क्षणी स्वतःची लाट सांगतो. दोन्ही एकच निघाल्या तर गाडी सुरू."

"म्हणजे कुलपाला तू कोण हे ठाऊक नसतं. अंगठीतलं हृदय आणि मुठीवरचं हृदय एकच आहे का, एवढंच ते बघतं."

"एकच असेल तर माणूस एकच. अंगठी हाकेच्या अंतरात हवी. एकदा सुरू झाली की मात्र बंद करेपर्यंत चालते. भर घाटात थांबली तर माणूस मरेल."

"आणि तपासलंस कसं?"

निषादला या प्रश्नाच्या उत्तराचा अभिमान होता. प्रयोगशाळेने हजारो माणसं तपासली होती. धावणारी, झोपेतून उठवलेली, मुद्दाम चिडवलेली. प्रत्येकाला एकेका बंद खोलीत बसवून, बाहेरचा आवाजसुद्धा आत येणार नाही अशा बेतानं. दोन लाटा कधीच जुळल्या नाहीत.

"एकेकट्याला," ताई म्हणाल्या, आणि मुठीवरची जाळी बोटाने दाबून पाहू लागल्या. परीक्षेत त्यांनी असा एकच शब्द उचलून परत म्हटला की मुलांना घाम फुटायचा, हे निषादला उगाचच आठवलं.

मग अंगठीचा विषय निघाला आणि निषादची मान खाली गेली. वय वाढलं की ही लाट सपाट होत जाते. सपाट लाट वाचताना यंत्र अडखळतं. त्याने अहवालात तेवढंच लिहिलं होतं. मंडळाने त्यावरून नियम केला: साठीनंतर अंगठी नाही. ज्येष्ठांची गाडी एखाद्या तरुण पालकाच्या अंगठीला जोडायची, चालवायचीही त्यानेच. ताईंची गाडी भंगारात जाऊ नये म्हणून निषादने पालक म्हणून स्वतःचं नाव दिलं होतं. त्याच्या गाडीसारखीच आता ही गाडीही त्याचीच अंगठी ऐकणार होती.

"सोल्डरिंग करताना बोटं भाजून घ्यायचास, मी फुंकर घालायचे," ताई म्हणाल्या. "आता तू माझा पालक. बरं आहे. मग बाळाला मागे बसवून घाटापलीकडे नेणार का? उद्या वाडीत उत्सवाचं कीर्तन आहे."

"मॅडम, मी सोडतो ना तुम्हाला."

"उद्या सोडशील. पुढच्या महिन्यात? पावसाळ्यात? मी त्या लोकांना शब्द दिलाय, तुझ्या सवडीला नाही दिला." त्या हसल्या, पण डोळे हसले नाहीत. "आज तुमच्या वर्धापनदिनाचं कीर्तन माझंच आहे. ते करते आणि तशीच निघते. माझ्या गाडीवरून. मी पुढे बसून."

निषादने समजावून पाहिलं. त्या नुसत्या पेटी बांधत राहिल्या.

संध्याकाळी आवारातल्या गणपतीपुढे सतरंज्या पडल्या. सगळी प्रयोगशाळा जमली. पाहुणे म्हणून मंडळाचे सचिव पाटणकर आले होते, साठीच्या आतले, आणि ते लोकांना दिसावं अशा बेतानं मोटारसायकलवरून आलेले. त्यांची राखाडी गाडी निषादच्या राखाडी गाडीला लागून उभी राहिली.

ताई उभ्या राहिल्या, उपरणं सावरलं, झांज हातात घेतली, आणि सकाळची ती तारा जोडणारी बाई कुठल्या कुठे गेली. आख्यान एका द्वारपालाचं होतं. तो माणसं पावलांवरून ओळखायचा. हा सावकार, हा कुंभार, ही परगावची. ज्याला आत सोडायचं त्यालाच सोडायचा, कधी चुकला नाही. राजाने त्याला सोन्याचं कडं दिलं होतं. एकदा सारं गाव देवाचं नाव घेत, टाळाच्या ठेक्यावर वेशीकडे निघालं. द्वारपालाने कान दिला, तर पाऊल एकच. हजार माणसांचं एक पाऊल. आता कुणाला अडवायचं?

"त्याने काय केलं असेल?" ताईंनी विचारलं, आणि उत्तर न देताच नामघोष धरला.

विठ्ठलनाम. पण नेहमीची घाई नाही. एक नाम, एक लांब श्वास. त्या म्हणत, लोक झेलत. सुरुवातीला आवाज विस्कटलेले होते, कुणी पुढे, कुणी मागे. ताई थांबल्या नाहीत, रागावल्या नाहीत, हातानेच सगळ्यांना सांभाळून घेत राहिल्या. हळूहळू कडा बुजल्या. श्वास घ्यायचा क्षण सगळ्यांचा एक झाला, सोडायचाही. निषाद देवाधर्माचा फारसा नव्हता, पण त्याला छातीत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. शेजारी पाटणकरसाहेब डोळे मिटून गात होते.

गातागाताच ताई सतरंजीवरून खाली उतरल्या. गळ्यातला हार तसाच, कपाळावर बुक्का. लोकही नाम न सोडता मागे निघाले. त्या काळ्या गाडीवर बसल्या, काशाच्या चकतीला हात लावून नमस्कार केला आणि दोन्ही मुठी धरल्या.

हिरवा दिवा लागला. ताईंनी किक मारली आणि जुनं इंजिन आवार दणाणून सोडत जागं झालं.

नाम थांबलं. निषादला एका क्षणात सगळं उमगलं. ठोके श्वासामागे जातात. श्वास गाण्यामागे गेला होता. एवढा वेळ इथे पन्नास हृदयं एकच लाट काढत होती, आणि लांब संथ श्वासाने ताईंची सपाट लाटही त्याच्याइतकी उंच उठली होती. अंगठीतलं हृदय आणि मुठीवरचं हृदय कुलपाने ताडून पाहिलं होतं. एकच होतं. कुलूप चुकलंच नव्हतं.

"बंद खोल्यांत काय सापडणार होतं रे तुला?" इंजिनाच्या वरताण ताई म्हणाल्या. मग पाटणकरांकडे वळल्या. "साहेब, नियम मोडला म्हणून धरायचं तर वाडीत या. उत्सवाचा प्रसाद असतो. पण मी मागे बसणार नाही. आज नाही आणि पुढेही नाही."

गाडी फाटकाबाहेर गेली.

पाटणकरांचा चेहरा लाल झाला होता. विनापरवाना वाहन, त्यांच्या डोळ्यांदेखत. निषादने शांतपणे विचारलं, "विनापरवाना कसं? कुलपाने नोंद पाठवलीय. वाहक, निषाद वैशंपायन. यंत्रावर विश्वास नाही का आपला?"

"थट्टा पुरे. मीच आणतो त्यांना परत," म्हणत पाटणकर तरातरा गाड्यांकडे गेले, राखाडी गाडीवर बसले, मुठी धरल्या. मागे लोकांनी पुन्हा नाम धरलं होतं, आणि नकळत सगळ्यांचे श्वास त्याच लयीत गेले होते. हिरवा दिवा लागला आणि ते आवाज न करता घाटाच्या दिशेने निघून गेले.

लोक पांगू लागले. निषाद आपल्या गाडीपाशी आला आणि थबकला. गाडीच्या टाकीवर मंडळाच्या सचिवांची पट्टी होती. त्याने मुठी धरून पाहिल्या. दिवा लागला नाही. ती ज्या अंगठीची वाट पाहत होती, ती केव्हाच दूर गेली होती, पाटणकरांच्या बोटात, निषादच्या गाडीवर बसून.

तो तिथेच खाली बसला आणि पोट धरून हसला.

खिशातला फोन थरथरला. नियंत्रणकक्षाचं यंत्र विचारत होतं. वाहक निषाद वैशंपायन घाटरस्त्यावर एकाच वेळी दोन वाहने चालवत असल्याचे आढळते. यांपैकी खरा वाहक कोणता, ते कळवावे. उत्तर आपल्या नावाने कायम नोंदले जाईल.

हे उत्तर गेलं की आपलं कुलूप संपलं, हे निषादला कळत होतं. कुलूप संपलं की त्याच्या नावावर उभा केलेला साठीचा नियमही उभा राहणार नव्हता. घाटातून, खूप वरून, जुन्या इंजिनाचा आवाज अजून येत होता.

"दोघेही," त्याने लिहिलं. आणि पाठवण्याआधी एक ओळ वाढवली, "तिसरा पायी निघाला आहे."