टाळीले नाव नसते

रिना वडशाची. डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला, धानोऱ्याकडच्या जंगलातल्या एका शाळेत सरावासाठी आलेली. पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापक वामनराव तापाने आडवे झाले आणि पलीकडच्या टोल्यावरची, म्हणजे वाडीवरची, पोरं संध्याकाळी घरी पोचवायचं काम तिच्या गळ्यात पडलं. काम तसं काय, एक बिडी विझायच्या आत संपावी एवढी पायवाट.

खिचडी शिजवणारी बायनाबाई भांडी घासता घासता म्हणाली, "म्याडम, पोरं रांगेत चालतीन, तुमी शेवटी राहा. पुढचा टाळी वाजवते, मंग त्याच्या मागचा. तुमच्यापर्यंत टाळी आली का समजा, सगळे हायेत. पर जंगलात नाव घेऊन हाक मारू नका."

"काऊन मावशी? वाघ हजेरी घेते का?"

"वाघाचं कोन बोलून राह्यलं? टाळीले नाव नसते, बस."

रिना हसली. कॉलेजात तर शिकवलं होतं, प्रत्येक लेकराला नावाने हाक मारा, जिव्हाळा वाढतो.

हिवाळ्याचे दिवस. ऊन सागाच्या शेंड्यांवरच विझलं, खाली कुजक्या पाल्याचा वास दाटला. मोबाईलचा उजेड पायापुरताच. टप्... टप्... टप्... टाळ्या येत होत्या. वळणावर एक गळाली. रांगेतल्या तिसऱ्या पोरीची, दिव्यानीची. लोकांची लेकरं!

"दिव्यानी!"

पोरं जागीच थिजली.

"हो म्याडम..."

आवाज दिव्यानीचाच. पण रिनाच्या पाठीमागून. आणि रांगेत शेवटची तर रिनाच होती.

"मागं पाहू नका म्याडम," पुढून कुणीतरी कुजबुजलं. "चाला..."

"हो म्याडम... हो म्याडम..." मागून येतच राहिलं, कुणी नवा धडा घोकावा तसं.

टोल्याच्या पहिल्या दिव्याखाली तिने पोरं मोजली. सगळी होती. दिव्यानीही. दोन्ही मुठींत बोरं होती, म्हणून टाळी वाजली नव्हती.

"अगं, ओ तरी द्यायची!"

दिव्यानीने तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज नाही.

तिची आई, आशाबाई, त्या ओठांकडे बघतच राहिली. "कोनं नाव घेतलं इचं?"

रिनाने मोबाईलचा उजेड विझवला.

सकाळी वर्गात तिने हजेरी घेतली. ते एक नाव तेवढं गिळून टाकलं. वही मिटली. तोच खिडकीपलीकडच्या सागांतून, अगदी समजूतदारपणे, आवाज आला...

"म्याडम, माहं नाव राह्यलं."