काडी पळाली कुणामागे?

"चोरी! भरदिवसा चोरी!"

मामा फाटकात उभा. हातात दोरी, दोरीच्या टोकाला चामड्याचा पट्टा, आणि पट्ट्यात... कुणीच नाही!

"बाबा, काडी कुठंय?" चिमटी किंचाळली. चिमटी ही मामाची मुलगी. काडी ही तिची लाडकी ग्रेहाऊंड कुत्री, शर्यतींतून निवृत्त झालेली.

सुट्टीला आलेली ताई आणि तिचा भाऊ भोंगा धडाधड जिना उतरले.

"फाटकाला बांधून चष्मा आणायला आत गेलो. आलो तर गायब!" मामाचा आवाज चिरकला. "आणि हे बघा, बक्कल लावलेलं! चोरानं काढलं आणि परत लावून ठेवलं."

"वा! फारच टापटिपीचा चोर," भोंगा म्हणाला.

"तू गप्प! मामीला काय तोंड दाखवू मी?"

मामी जनावरांची डॉक्टर. ती एका अडलेल्या गाईपाशी गेली होती. ताईनं तिला फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. नाहीच.

ताईनं पट्टा हातात घेतला. कोरा करकरीत, अरुंद, कडेला नक्षी. "हा कुठला? तिचा तो रुंद पट्टा?"

"तो गबाळा दिसायचा. हा मी स्वतः शिवलाय," मामा म्हणाला. चामड्याच्या पिशव्या नि पट्टे शिवणं हाच त्याचा धंदा. "मान मापून शिवलाय. सुताचा फरक सापडायचा नाही!"

"बाबा, मान मापलीस. डोकं मापलंस का?"

मामानं ताईच्या हातातला पट्टा ओढून घेतला.

"तिचं डोकं मानेपेक्षा बारीक आहे! मागे सरकली की साधा पट्टा सुळकन निघतो. म्हणून तर तो जुना होता, ओढला की आवळणारा!"

म्हणजे चोर नाहीच. मग काडी गेली कुठे?

"येईल वास काढत परत," मामा चाचरत म्हणाला.

"ही वासावर चालणारी नाही, नजरेवर पळणारी आहे!" चिमटी रडायच्या बेतात होती. "काही हललेलं दिसलं की सुटली. मग गाडी नाही, रस्ता नाही, हाक नाही!"

ताई फाटकाशी गुडघ्यांवर बसली. मग आणखी वाकली, काडीच्या डोळ्यांच्या उंचीवर आली. उभं राहून समोर फक्त भिंत दिसत होती. वाकल्यावर भिंतीच्या तळाच्या भगदाडातून पलीकडचं दिसलं. भगदाडापलीकडे बर्फाचा कारखाना, अंगणात लोखंडी रूळ.

"त्या रुळावरून काय जातं रे मामा?"

"बर्फ वाहणारी छोटी गाडी. मोटारीवर चालते. मागे कसलंसं पोतं फडफडत असतं."

"ससा!" चिमटी ओरडली आणि पळत सुटली. बाकीचे तिच्यामागे.

कसला ससा? चिमटी पळता पळता सांगत होती, म्हणून ते तुकड्या-तुकड्यांनीच कळलं. हजारो वर्षांपूर्वीच्या थडग्यांवर असेच सडपातळ कुत्रे कोरलेले आहेत... बाजूला व्हा, सायकल!... मोकळ्या माळावर ससा दिसला की सोडायचे... भोंग्या, डावीकडून!... मग शर्यती आल्या, रुळावरून खोटा ससा पळवायचा नि मागे हे... आणि काडीनं आयुष्यभर तेवढंच केलंय!

कारखान्यात मुकादम डबा खात होते.

"कुत्रं? इथं? आत असतं तर भुंकलं नसतं का?"

"ती भुंकतच नाही! फार झालं तर सुस्कारा टाकते."

"तर मग सुस्कारा ऐकू आला की बघू. शीतघराची चावी साहेबांकडे. ते संध्याकाळी येतील."

रूळ भिंतीतल्या बुटक्या झरोक्यातून शीतघरात शिरत होता. झरोक्यावर रबरी पट्ट्या लोंबत होत्या. ताईनं एका पट्टीवरून बोट फिरवलं. आखूड, पिवळसर केस!

चिमटीचा चेहरा पांढराफटक पडला. "तिच्या अंगावर चरबीच नसते, ताई. कातडी कागदासारखी. संध्याकाळपर्यंत नाही जगणार ती."

मामा मुकादमांशी भांडायला लागला. मुकादम चढ्या आवाजात नियम सांगायला लागले. वेळ चालला होता!

भोंगा मात्र रुळाकडे बघत होता. "काका, तुमची गाडी आत अडकून पडलीय वाटतं. मोटार गेली असेल. जुनाट दिसतंय सगळं."

"जुनाट?" मुकादमांचा घास हातातच राहिला. "माझ्या हाताखालची मोटार आहे ती!"

"तसं सगळेच म्हणतात."

मुकादम तरातरा उठले आणि त्यांनी बटण दाबलं.

खडखड, खडखड. रबरी पट्ट्या उघडल्या. गाडी बाहेर आली, मागे पोतं फडफडत. गाडी टोकाला जाऊन थांबली.

मागे कुणी नाही.

पट्ट्या हलायच्या थांबल्या. चिमटीनं ताईचा हात गच्च धरला.

मग एक पट्टी फुगली. खालून एक लांब नाक आलं. काडी धावत नव्हती. एक पाय उचलून, लटपटत, चालत आली आणि रुळावरच कोसळली.

"काडी!"

मामानं अंगातला सदरा काढून तिला गुंडाळलं. मुकादम गरम पाण्याची बादली घेऊन धावले.

"ओतू नका!" ताईनं पुन्हा लावलेला फोन एकदाचा लागला होता आणि त्यातून मामी ओरडत होती. "अंग कोरडं करा. आधी छाती-पोट उबेत घ्या. पाय चोळू नका. मी निघाले!"

घरी मामी आली तेव्हा काडी तिघांच्या मांड्यांवर आडवी पसरली होती.

"आई, केव्हाची थरथरतेय बघ!"

मामीनं कान लावून छाती ऐकली, हिरड्या पाहिल्या. "थरथरू दे. थरथरायची थांबली असती तर मी घाबरले असते." मग तिनं तिघांच्या डोक्यांवरून एकेक हात फिरवला. "शाब्बास! डॉक्टर यायच्या आधीच अर्धं काम केलंत."

"आणि मी?" मामानं उघड्या अंगानं विचारलं.

"तू? तू तिला एक कोट शिव. पण मापं चिमटी घेईल!"

हळूहळू थरथर कमी झाली. काडीनं एक लांब सुस्कारा टाकला आणि चारी पाय ताणून ती गाढ झोपली. भोंग्याच्या पायाला मुंग्या आल्या, ताईची मांडी बधिर झाली, चिमटीला तहान लागली. पण तिघांतलं कुणीही जागचं हललं नाही.