दिवा लागला की घरी

फोन खाली ठेव आधी, ईशान. हसायचं असेल तर आत जाऊन झोप. हे माझ्या ऑफिसातल्या प्रसादचं आहे, आणि त्या माणसाला थापा मारता येत नाहीत.

अमेरिकेतल्या त्या गावाचं नाव सांगत नाही. अपार्टमेंटांच्या मागे एक पार्क होता, वर्षानुवर्षं कुणी ढुंकून न पाहिलेला. पोरं बिचारी पार्किंगमध्ये खेळायची. प्रसादनं वस्तीतली माणसं जमवून तो साफ केला, झाडं लावली, झोपाळे टांगले. चौदा वर्षं बंद पडलेला दिवाही दुरुस्त करून घेतला. पार्कासमोर राहणारी मिस रूबी मात्र तिकडे फिरकायची नाही. तिचा टोबी सात वर्षांचा होता. पार्कातला दिवा लागला की घरी यायचं, असा तिचा नियम. चौदा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी दिवा लागलाच नाही. पोरगा अंधारात खेळत राहिला, आणि सकाळी मागच्या नाल्यात सापडला. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी दार उघडं टाकून बसायची. शनिवारच्या उद्घाटनाला तिला आणायचंच, हे प्रसादनं मनाशी धरलं होतं.

दोन हजार चोवीसची भाऊबीज, तीन नोव्हेंबर, रविवार. उद्घाटनाला सहा दिवस होते. त्याच दिवशी तिथली घड्याळं हिवाळ्यासाठी तासभर मागे गेली, म्हणून नव्या वेळेप्रमाणे दिव्याचा टायमर लावायला प्रसाद एकटाच गेला. सहाच वाजले होते, पण मिट्ट काळोख. त्यानं टायमर लावला. चौदा वर्षांत पहिल्यांदाच दिवा लागला.

झोपाळ्यावर एक पोरगं बसलं होतं.

"लागला?" त्यानं विचारलं.

"लागला. चल, दिवेलागणीला घरी असावं." बोलला इंग्रजीतच, पण आपली आईच बोलते ना तोंडून. प्रसादनं त्याचा हात धरला. गार होता... ओला.

पोरगं पुढे. रस्ता ओलांडला. मिस रूबीच्या उघड्या दाराशी थांबलं. तिच्याकडे पाहुणं आलं असेल, असं प्रसादला वाटलं. बरंच वाटलं त्याला. सवयीनं म्हणाला, "बूट बाहेर काढ हं."

पोरगं वाकलं. लाल नाड्या सोडल्या. आत गेलं.

आत अंधार.

"किती उशीर केलास रे..." मिस रूबीचा आवाज.

"दिवा आत्ता लागला, मॉम."

दार लागलं.

...

सोमवारी तिची बहीण आली. आतून कडी. दार तोडलं. मिस रूबी खुर्चीत होती, गेलेली. घरात दुसरं कुणी नव्हतं.

बाहेर पायपुसण्यावर लहान मुलाचे पांढरे बूट होते, नीट जोडीनं ठेवलेले. लाल नाड्या. आत ओली माती. बहिणीनं ते उचलून पाहिले. शवपेटी बंद करण्याआधी टोबीच्या पायात ते तिनंच घातले होते.