डॉक्टर येतोय

खोटं वाटत असंल तर कोल्हापुरात शिवाजी पेठेत या आणि मल्लेशला तोंडावर विचारा. ह्यातला एक शब्द माझ्या पदरचा न्हाय.

साल २००३. नोव्हेंबर महिना. दुपारचे चार.

होय, दुपारचे! भुतं रात्रीच येतात असं कुणी सांगितलं तुम्हाला?

मल्लेश माझा मावसभाऊ, मूळचा गडहिंग्लजचा. परदेशी प्रवासी जहाजावर खोल्या साफ करायच्या कामाला होता. दोनच दिवसांपूर्वी सुट्टीवर आलेला. त्याची सहा वर्षांची पोरगी दानेश्वरी त्याला सोडत नव्हती. बायको सुष्मिता दळण आणायला गिरणीत गेली होती. घरात बापलेक दोघंच.

आणि...

टक. टक. टक.

मल्लेशच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. जहाजावर आजाऱ्याच्या दाराबाहेर जेवणाचं ताट ठेवलं की तो स्वतः असंच तीनदा वाजवायचा.

त्यानं दार उघडलं.

बाहेर कुणी न्हाय.

फक्त वास... जहाजावर उलटी पुसायला वापरायच्या ब्लीचिंग पावडरचा वास.

आता मागचं सांगतो. त्याच्या शेवटच्या फेरीत जहाजावर उलट्या-जुलाबाची साथ पसरली होती. नियम कडक. ज्याला उलटी झाली त्याचं नाव जहाजाच्या डॉक्टरच्या यादीत गेलं पाहिजे, त्याच्या दाराला लाल पट्टी लागली पाहिजे. आकडा हद्दीपलीकडं गेला, की बंदरावरच्या आरोग्य खात्याला खबर. मग जहाज अडकलंच म्हणून समजा. साहेबानं मल्लेशला दम भरला होता, "एक नाव जरी वाढलं तरी पुढचं कंत्राट विसर."

त्याच संध्याकाळी एका खोलीत एक गोरी म्हातारी निपचित पडलेली दिसली. एकटीच. उलट्यांनी पार गळून गेलेली. तिनं त्याचा हात घट्ट धरला. "डॉक्टर... डॉक्टर..."

मल्लेशनं फरशी पुसली. तिला पाणी पाजलं. आणि मोडक्या इंग्रजीत सांगितलं, डॉक्टर येतोय.

सांगितलं कुणालाच न्हाय. लाल पट्टी खिशातच राहिली.

सकाळी म्हातारी गेलेली. वय झालं होतं, असं म्हणून सगळे मोकळे झाले.

इकडं घरी, दार वाजलं त्याच संध्याकाळी दानेश्वरीला पहिली उलटी झाली. सकाळपर्यंत पोरीचे डोळे खोल गेले. पेठेतल्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं झालंय?"

झालं होतं की! खुद्द मल्लेशला. विमानात आणि घरी आल्या दिवशीसुद्धा. मोरीत नळ मोठा सोडून ओकला होता, सुष्मितालाही कळू दिलं नव्हतं. कंपनीला कळलं तर परत बोलवायचे न्हाईत, ही भीती.

"न्हाय की," मल्लेश म्हणाला.

अरे माणसा! पोटची पोर समोर पडलीय आणि तू झाकतोस? आजसुद्धा त्याचा संताप येतो मला.

डॉक्टरांनी बाहेरचं खाणं बाधलं असेल म्हणून औषध देऊन घरी पाठवलं.

चार वाजले.

टक. टक. टक.

ह्या वेळी दार वाजलं न्हाय. आवाज पोरीच्या खाटेखालनं आला...

दानेश्वरी मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "अप्पा, डॉक्टर येतोय?"

"व्हय बाळा, येतोय की."

"ती आजी म्हणते, तुझा अप्पा असंच सांगतोय."

मल्लेश खाटेवर वाकला. "कुठली आजी?"

पोरीची शुद्ध हरपली.

तिला खांद्यावर घेऊन तो अनवाणी पळत सुटला. दवाखान्यात सगळं कबूल केलं, स्वतःच्या उलट्या, जहाजावरची साथ, म्हातारी, सगळं. मागोमाग धावत आलेली सुष्मिता तिथंच कडाडली, "तसल्या हातानं पोरीला घास भरवला व्हय तुम्ही? आन् मला एका शब्दानं सांगितलं न्हाईसा?"

डॉक्टरांनी ताबडतोब सलाईन लावलं, साथीच्या यादीसाठी पोरीचं नाव महापालिकेला कळवलं. चौथ्या दिवशी पोरगी उठून बसली. वाचली.

बसल्या बसल्या म्हणाली, "अप्पा, माझं नाव सांगितलंस. आता आजीचं पण सांग की."

मल्लेश तडक एसटीडी बूथवर गेला. मुंबईला कंपनीच्या एजंटला फोन लावला. नोकरी गेली तर गेली. सगळं सांगितलं.

तिकडून विचारलं, "बाईंचं नाव काय?"

जहाजावर माणसं खोलीच्या नंबरानं ओळखायची. नाव त्यानं कधी विचारलंच नव्हतं. खोलीचा नंबर सांगितला, तर उत्तर आलं, "त्या खोलीत कुणी आजारी नव्हतं. यादी आहे आमच्याकडे." फोन कट.

तो घरी आला.

दाराच्या कडीला लाल पट्टी चिकटवलेली होती...

घरातल्या कुणी लावली न्हाय. खरवडून काढली, तर दुसऱ्या दिवशी परत.

मल्लेश पुन्हा जहाजावर गेला न्हाय. चार वाजायला आले की दारासमोर बसतो. दार वाजलं की आधी पोरीच्या कपाळाला हात लावून बघतो.

मी त्याच्याकडं जातो अजून. पण सकाळी. आणि त्याच्या हातचा चहा न घेताच निघतो.