कॅमेऱ्याभोवतीचा डोळा

दिपिकाताईच्या घरात वस्तू मोडतात पण जात नाहीत, असं आदेश चारचौघांत सांगायचा आणि सांगून झाल्यावर स्वतःच हसायचा. कान तुटलेली कढई, बंद पडलेलं घड्याळ, वारलेल्या नवऱ्याचे ब्रश फडक्यात गुंडाळून ठेवलेले. पेणच्या त्या दोन खोल्यांत पाय टाकला की त्याच्या कपाळाला आपोआप आठी पडे. तो स्वतः धाटावच्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभागात होता. रोह्याशेजारच्या अष्टमी गावात पुलाजवळ त्याचा फ्लॅट होता आणि त्या फ्लॅटमध्ये तीन वर्षांहून जुनी एक चमचीही नव्हती. बहिणीची हाय-नायची बोलीसुद्धा त्याने जुन्या चपलेसारखी कधीच उतरवून ठेवली होती.

त्या सुट्टीला तो पेणला आला तो भाचीच्या, समीक्षाच्या, नेटबुकचा निकाल लावायला. दहा इंचांचं ते काळं यंत्र तिच्या वडिलांनी, हितेशने घेतलेलं. हितेश गणपतींच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायचा. तो जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि आता तेच काम ताई करत होती. समीक्षाची कॉलेजप्रवेशाची परीक्षा रविवारी होती, घरी बसून, कॅमेरा चालू ठेवून द्यायची. सराव परीक्षेत नेटबुक दोनदा अडकलं. खऱ्या परीक्षेत अडकलं असतं तर पोरीचं वर्ष गेलंच होतं.

"रॅम वाढवून मिलते म्हनतात," ताई म्हणाली. "आनि ती नवी डिस्क. तेवढ्यात भागंल ना रे?"

"ताई, हा डबा आहे. डब्याला कितीही कल्हई कर, डबाच राहतो."

खरं सांगायचं तर भागलं असतं. रॅम दुप्पट केली, साधी एसएसडी टाकली, वर हलकं लिनक्स चढवलं, तर ते यंत्र आणखी दोन वर्षं निमूट चाललं असतं. आदेशला ते पक्कं ठाऊक होतं. पण दुरुस्ती केली असती तर ताईचं म्हणणं खरं ठरलं असतं, आणि तिचं म्हणणं खरं ठरण्याची त्याला मुळात सवयच नव्हती.

झाकण उघडल्यावर त्याला ते दिसलं. स्क्रीनच्या वरच्या कडेला, कॅमेऱ्याच्या बारक्या भिंगाभोवती कुणीतरी डोळा काढला होता. काळ्या प्लॅस्टिकवर पांढरा आकार, वर पापणीची केसाएवढी रेघ, आणि बुबुळाच्या जागी बरोबर भिंग.

"हे काय?"

"त्यांनी काढला. हिला समोर बसवून, हिच्या डोल्यांत बघत बघत." ताई खिडकीबाहेर बघत होती. "का ते नाय सांगितलं. मीपन नाय विचारलं."

बाहेर कारखान्याच्या फळ्यांवर मूर्ती वाळत होत्या. पितांबर, मुकुट, सोंडेवरची नक्षी, सगळं रंगून झालेलं. डोळ्यांच्या जागा तेवढ्या पांढऱ्या होत्या, कारण आखणी शेवटी होते.

"लॅपटॉपला डोळे," आदेश म्हणाला. "वा! मग नैवेद्य पण दाखवत असाल."

समीक्षाने नेटबुक पिशवीत घालून दिलं आणि पिशवीचे बंद हातातून सोडायला जरा वेळ लावला.

रोह्यातल्या दुकानात जुनं देऊन नवं घ्यायची सोय होती. दुकानदार म्हणाला, तो डाग काढून आणा, घेतो. आदेशने भर दुपारी गॅलरीत बसून कापसाच्या बोळ्यावर थिनर घेतलं. सहा वर्षांचा रंग खरवडावा लागेल अशी त्याची समजूत होती. पहिल्याच फटक्यात तो सगळा निघाला, आणि बोटाला लागला तो ओला होता. थिनरने ओला झाला, अर्थात. त्याने हात धुतले. संध्याकाळी नेटबुक दुकानाच्या मागच्या ढिगात गेलं आणि नवा, चकचकीत, राखाडी लॅपटॉप त्याच्या हातात आला.

शनिवारी सकाळी तो पेणला पोचला. ताईने चहा टाकला. समीक्षाने लॅपटॉपवरून हात फिरवला, हसली, आणि परीक्षेचा कॅमेरा तपासायला बसली.

स्क्रीनवर तिचा चेहरा आला. केस, कपाळावरची टिकली, गळ्यातला काळा दोरा, सगळं स्वच्छ. डोळे पांढरे होते.

"उजेड पडतोय," आदेश म्हणाला आणि त्याने खिडकी लावली. डोळे पांढरेच राहिले. त्याने सेटिंग बदललं, ड्रायव्हर नव्याने टाकला, लॅपटॉप बंद करून चालू केला. स्क्रीनवर ओळ आली, 'चेहरा ओळखता येत नाही. कृपया डोळे उघडा.' समीक्षा टक लावून बघत होती. तिचे डोळे, तिच्या चेहऱ्यावरचे, चांगले टपोरे उघडे होते आणि त्यांत पाणी जमायला लागलं होतं.

"ताई, तू बस."

ताई बसली. ताईचे डोळे दिसले, थकलेले, खाली सुरकुत्या असलेले, अगदी जसेच्या तसे.

आदेशने आपला फोन काढून भाचीचा फोटो घेतला. फोटो बघितला आणि पुसला.

भिंतीला खिळ्यावर परीक्षेचं प्रवेशपत्र अडकवलेलं होतं. ते छापून आणलं होतं मागच्या महिन्यात. कोपऱ्यात समीक्षाचा फोटो. आदेश जवळ गेला. मग दोन पावलं मागे आला.

"तो डोला पुसलास काय रे?" ताईने विचारलं. आवाज अगदी हळू होता.

"डाग होता तो."

"आनि नेटबुक?"

"दिलं."

ताईने वाटीत रंग कालवला. कारखान्यातला रोजचा ब्रश तिने आधी लावून पाहिला, पण त्याचा रंग प्लॅस्टिकवर धरेना, ओघळून खाली आला. मग तिने फडकं सोडून हितेशचा सगळ्यांत बारीक ब्रश काढला. त्याचा ठिपका धरला. समीक्षाला समोर बसवून तिने हात उचलला. हात नव्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्याशी नेला आणि तिथेच थांबवला.

"हिच्याकडं बघून नाय येत," ती म्हणाली. "बघते तर काय सापडतच नाय."

"उद्या सकाळी पेपर आहे गो आई," समीक्षा म्हणाली.

आदेशला आता किळस आली होती. या खोलीची, रंगाच्या वासाची, या दोघींची, आणि मघाशी दोन पावलं मागे आलेल्या स्वतःचीसुद्धा. इन्स्ट्रुमेंटचा माणूस तो, आणि बायकांबरोबर बसून डोळे शोधतोय.

"माझ्याकडे बघून काढ," तो समोर बसत म्हणाला. "डोळा तो डोळा. उरक एकदाचं."

"तू नको."

"का, माझे किडलेत?"

"तसं नाय रे. तू बघतोस ते..." तिने वाक्य पुरं केलं नाही. तिने एकदा मुलीकडे पाहिलं, मग प्रवेशपत्राकडे, आणि ब्रश पुन्हा रंगात बुडवला.

ती काढत होती तेवढा वेळ आदेशला पापणी लववता आली नाही. डोळ्यांच्या कडांवरून काहीतरी गार, ओलं फिरल्यासारखं वाटलं.

स्क्रीनवर हिरवी खूण आली. 'चेहरा ओळखला.'

"बघ," आदेश म्हणाला. "कनेक्शन लूज असणार." आणि तो मिळेल त्या गाडीने रोह्याला परतला.

रविवारचा पेपर छान गेला. ताईने फोन करून तेवढंच सांगितलं आणि ठेवला.

सोमवारी पहिल्या शिफ्टला तो कंपनीच्या गेटवर आला. हजेरीच्या मशीनसमोर चेहरा धरला.

'कृपया डोळे उघडा.'

त्याने चेहरा जवळ नेला.

'कृपया डोळे उघडा.'

मागे रांग खोळंबली. गेटवरचा जनू पुढे आला. "साहेब, डोले तर उघडेच हायत की," तो हसत म्हणाला. मग त्याने मशीनच्या पडद्यावर नजर टाकली. तो हसायचा थांबला आणि हळूच बाजूला झाला.

आदेशने पडद्यात पाहिलं. हेल्मेटचा कपाळावरचा वळ होता. दाढी करताना कापल्याची खूण होती. सगळं रंगून झालेलं होतं.

तो रांगेतून बाहेर पडला आणि ताईला व्हिडिओ कॉल लावला.

फोन समीक्षाने उचलला. तिला डोळे होते. किंचित मिटलेले, समोरच्याची किंमत करून मोकळे झालेले. रोज सकाळी दाढी करताना आदेश तेच डोळे आरशात बघत आला होता.

"समीक्षा, आईला सांग, ब्रश काढून ठेव. मी येतोय. मला... मला नाय..." कैक वर्षांनी त्याच्या तोंडून तो नाय निघाला होता. "सांग, लगेच येतोय."

"कुठला ब्रश? बाबांचे?" समीक्षा म्हणाली. "ते सकाळीच भंगारवाल्याला दिले, मामा. घड्याळ दिलं, कढई दिली. किती वर्षांची घाण साठवून ठेवली होती."

तिच्या मागे, रिकाम्या झालेल्या भिंतीला टेकून ताई बसली होती. मान खाली, हात मांडीत.

समीक्षाने वळून आईकडे पाहिलं. कपाळाला एक आठी पडली.

"अजून बरंच काढायचंय," ती म्हणाली, आणि तिची नजर ताईवरून हलली नाही.