चार पेल्यांतली अदलाबदल

“माझी लेकरं पळवली कोणीतरी,” श्रीरंगकाका दारातच म्हणाले, “आणि त्यांच्या जागी दुसऱ्याची आणून ठेवली!”

सिद्धेशचा हात आपोआप फोनकडे गेला. त्याची बायको मात्र शांतपणे काकांचं जाडजूड जाकीट उतरवून घेत होती.

“लेकरं म्हणजे रोपं ना, काका?”

काका थबकले. “तुला कसं कळलं?”

“नखांत माती आहे तुमच्या. बाहेर अंगणं गोठून दगड झालीत, म्हणजे ही माती घरातली. बसा. सिद्धेश, फोन ठेव आणि चहा टाक.”

नेत्रा बर्वे ही अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नमधली परवानाधारक खाजगी गुप्तहेर. आधी विमा कंपनीत खोटे क्लेम पकडायची, आता स्वतःचं ऑफिस होतं, म्हणजे गॅरेजवरची खोली. सिद्धेश डेटा सेंटरमध्ये नोकरी करायचा. मशीन बंद पडलं की कारण शोधणं हे त्याचं काम, त्यामुळे बायकोच्या केसेसमध्येही तो हौसेने कारण शोधायचा. ते कारण आजवर एकदाही बरोबर निघालेलं नव्हतं, पण हौस टिकून होती.

“कसली रोपं?” चहा ठेवत त्याने विचारलं.

“गांजाची,” काका म्हणाले.

सिद्धेशने स्वतःचा चहा अर्धा बशीत सांडला.

“दचकतोस काय? व्हर्जिनियात घरटी चार रोपं चालतात. प्रत्येकावर माझ्या नावाची चिठ्ठी आहे, कायद्यात सांगितलंय तशी. केमोमुळे अन्नाचा वाससुद्धा सहन होईना. डॉक्टरांना विचारलं, आमच्या अनीशच्या मित्राने चार बिया दिल्या, म्हटलं बघू.”

“रुजवल्या कशा?” नेत्राने विचारलं.

काकांचा उतरलेला चेहरा एकदम उजळला. “पेपर टॉवेल ओला करायचा, पण पिळून. त्यात बिया, वर-खाली बशी, आणि ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवायचं. आमच्याकडे दही लागतं तिथेच. मटकीला मोड आणतो ना, तसंच. पांढरा मोड दिसला की हात लावायचा नाही. चिमट्याने उचलायचं, मूळ खाली करून कागदी पेल्यात, अर्ध्या पेराएवढं खोल. वर आली तेव्हा डोक्यावर बीचं टरफल होतं, टोपीसारखं. सुलेखा म्हणाली काढून टाका. म्हटलं, ज्याची टोपी त्याने काढावी.”

“पाणी?”

“फवाऱ्याने, तेही वरची माती सुकली तरच. कोवळ्या रोपाला तहान मारत नाही गं, पूर मारतो.”

“आणि पानं?”

“जोडीने. समोरासमोर दोन, लग्नाच्या फोटोतल्यासारखी.” काकांचा आवाज खाली आला. “मग मला ताप आला, हॉस्पिटलात ठेवलं. परत येऊन बघतो तर पेले तेच, चिठ्ठ्या त्याच, पण रोपं माझी नाहीत. सगळे म्हणतात, ‘बाबा, मोठी झालीत.’ काल अनीश हळूच डॉक्टरांना विचारत होता, केमोने डोकं धूसर होतं का म्हणून. मी ऐकलं.”

त्यांनी न प्यायलेला कप बाजूला सरकवला.

“गुरुवारची केमो मी कॅन्सल केली. डोकंच गेलं असेल, तर उरलेलं धड वाचवून करायचंय काय?”

नेत्राने स्वतःचा चहा एका घोटात संपवला. गरम चहा ती अशी पिते तेव्हा तिने केस घेतलेली असते, एवढं सिद्धेशला ठाऊक होतं.

*

काकांचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. रोपांची खोली तळघरात. हॉस्पिटलातून आल्यापासून काकांनी तिला कुलूप लावलं होतं, किल्ली खिशात.

जांभळट दिव्याखाली चार पेले होते, प्रत्येकात वीतभर रोप. पानं बोटांसारखी फाकलेली, कडा करवतीसारख्या.

“हा तर गांजाच आहे,” सिद्धेश कुजबुजला. “टी-शर्टवर असतो तसा.”

नेत्रा खाली वाकली. देठांवर तांबूस झाक होती. पानं मात्र एक डावीकडे, त्याच्यावर एक उजवीकडे, अशी जिन्यासारखी चढत गेली होती. तिने एका पानाचा कोपरा खुडला आणि सिद्धेश काही बोलायच्या आत तोंडात टाकला.

“अगं ए! पोलिसांत देऊ का तुला?”

तिचा एक डोळा आपोआप बारीक झाला, मग तिने घोट गिळला. “माती बघ.”

सिद्धेशने बघितली. कडेला एक गुलाबीसर दाणा रुतून बसला होता. “खताची गोळी.”

“तांदूळ आहे तो,” नेत्रा म्हणाली.

*

काकांचा मुलगा अनीश स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन उभा होता. जन्म, शाळा, नोकरी सगळं इथलंच.

“लुक, मी बाबांना सपोर्ट केलं. सीड्स मीच आणल्या. ते हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा मी रोज संध्याकाळी खाली जाऊन लाइट ऑफ करायचो, दॅट्स ऑल.”

“पाणी कोण घालायचं?”

“आय नेव्हर हॅड टू. माती ऑलवेज ओलीच असायची. वाटलं, आश्लेषा घालत असेल.” तो जरा घुटमळला. “बाबा ठीक आहेत ना? आय मीन, डोक्याने?”

“तुझ्यापेक्षा बरे आहेत,” नेत्रा म्हणाली.

आश्लेषा, काकांची सून, वरच्या खोलीत घरून काम करत होती. माहेर नागपूरचं. खिडकीच्या कट्ट्यावर दह्याचे रिकामे डबे ओळीने मांडलेले होते. काहींत हिरवे कोंब, काहींत नुसती माती.

“भाजी आहे घरची,” नेत्राची नजर बघून ती म्हणाली. “थंडी सरली की मागे लावते. इथं कुठं मिळतंय, नेत्राताई, आपल्याकडचं काही?”

“आणि खालची रोपं?”

“त्या खोलीत मी पायसुद्धा ठेवलेला नाही. पुढच्या महिन्यात माझा ग्रीन कार्डचा इंटरव्ह्यू आहे. वकिलांनी बजावून सांगितलंय, राज्याचा कायदा काहीही म्हणो, कार्ड केंद्र सरकार देतं आणि त्यांच्या लेखी हा गुन्हाच. लांब राहा.”

“तुला भीती वाटली असेल. घरातच झाडं.”

“वाटली ना. पण बाबांना कसं म्हणणार, उपटून टाका?” तिने लॅपटॉपचं झाकण उगाच उघडलं, मिटलं. “कोवळी रोपं ती. एका रात्रीत मान टाकतात. त्यात कोणाचा दोष असतो?”

जिन्यातच सिद्धेशने बायकोचा कोपर धरला. “झालं! ग्रीन कार्ड. मोटिव्ह एकदम क्लिअर. हिनेच फेकली.”

“मग त्या पेल्यांत आत्ता काय आहे?”

सिद्धेशने हात काढून घेतला.

सुलेखाकाकू देवघरासमोर ताम्हण पुसत होत्या. पुण्यात वाढलेल्या, ठाम आवाजाच्या.

“मला नव्हतंच पटलं! देव आहेत घरात आणि तळघरात गांजा. पण काय सांगू, नेत्रा, केमो सुरू झाल्यापासून हे भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. ती बोटभर रोपं उगवली आणि हा माणूस रोज सकाळी उठून जिना उतरायला लागला. मग मी म्हटलं, असू दे. गांजा तर गांजा.”

“तुळस दिसत नाही कुठे?”

“दर हिवाळ्यात जाते मेली. मेमध्ये नवी आणायची.”

“मग पूजेचं पाणी कुठे टाकता?”

“सिंकमध्ये थोडंच ओतणार? झाडातच घालते.” काकूंनी ताम्हण उताणं ठेवलं. “आश्लेषाच्या खोलीत जात नाही हं मी. सतत मीटिंगा. परवा मागून गेले तर तिच्या साहेबाने मला हॅलो केलं.”

*

नेत्राने सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं. काका एका टोकाला, दोन्ही हात टेबलावर. निकाल ऐकायला बसतात तसे.

“पहिली गोष्ट,” ती म्हणाली. “काका, तुमचं बरोबर आहे. ती रोपं तुमची नाहीत.”

काकांनी डोळे मिटले आणि उघडले.

“गांजाच्या रोपाला पहिली पानं समोरासमोर जोडीने येतात. काकांनी तेच पाहिलं होतं, तेच सांगितलं. खालच्या रोपांना ती एकाआड एक आलीत, अगदी बुंध्यापासून. देठ तांबूस आहे. आणि पान चांगलंच आंबट आहे. सिद्धेश, आंबट पानांची, हाताच्या पंजासारखी भाजी कोणती?”

“...अंबाडी?”

“शाब्बास. मोठी झाली की लांबून दोन्ही रोपं सारखीच दिसतात.”

“अंबाडी!” काका म्हणाले. “मी ती फक्त शिजलेली ओळखतो.”

अनीशने मान खाली घातली. “बाबा, आय अ‍ॅम सॉरी.”

“थांब, तुझी पाळी नंतर,” काका म्हणाले. “माझी कुठं गेली?”

नेत्राने खुर्ची पुढे ओढली. पुढचं वाक्य कोणाला लागणार ते तिला माहीत होतं, आणि ते टाळता येण्यासारखं नव्हतं.

“अनीश म्हणाला, माती नेहमी ओली असायची. त्याने पाणी घातलं नाही. आश्लेषा म्हणते ती आत गेली नाही. पण मातीत मला कुंकू लागलेली अक्षत सापडली. काकू, पूजेचं पाणी तुम्ही झाडात घालता. तुळस गेलेली, अंगण गोठलेलं, सुनेच्या खोलीत तुम्ही जात नाही. मग या घरात झाडं उरली कुठली?”

काकूंचा हात गळ्यातल्या मंगळसूत्राशी गेला.

“यांच्यासाठीच होती ना ती,” त्या म्हणाल्या. आवाज एकदम लहान झाला होता. “हे हॉस्पिटलात. म्हटलं, देवाचं पाणी लागू दे. रोज तांब्याभर... सगळ्यांना पुरवून... म्हणजे मीच?”

“मुळाशी कुजून आडवी पडली,” नेत्रा हळूच म्हणाली. “तुम्हाला कळलंच नाही, कारण दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात तेव्हा पेल्यांत पुन्हा हिरवं होतं. ज्याला रोपं नकोच होती, त्याला काहीच करायची गरज नव्हती. मेली म्हटलं की संपलं. अदलाबदल तोच करेल, ज्याला कोणी रडलेलं बघवत नाही. या घरात दुसरी रोपं एकाच खोलीत आहेत, आणि तिथले काही डबे रिकामे आहेत.”

सगळ्यांच्या माना वळल्या.

“आश्लेषा, काका म्हणतात रोपं पळवली. बाकीचे म्हणतात मोठी झाली. मेली असं मला कोणीच म्हणालं नव्हतं. फक्त तू म्हणालीस, एका रात्रीत मान टाकतात.”

आश्लेषाने ओढणीच्या टोकाने नाक पुसलं.

“दार उघडं होतं. दिवा चालू राहिला म्हणून डोकावले, तर चारही आडवी. पेल्यांत पाणी नुसतं साचलं होतं, वर पूजेचं फूल. मला कळलं कोणाचं ते. आई रोज हॉस्पिटलातून येऊन न जेवता झोपत होत्या. त्यांना काय सांगू, तुमच्या हातूनच गेली म्हणून? आणि बाबा उठणार कशासाठी? म्हटलं, थोडे दिवस निघतील.” तिने सासऱ्यांकडे पाहिलं. “तुम्ही ओळखाल असं वाटलं नाही. मग ओळखलंत, आणि सगळे म्हणायला लागले डोकं... मी रोज ठरवत होते आज सांगते. आईंकडे बघितलं की जमायचं नाही. माझं चुकलं, बाबा.”

“अगं, मला सांगायचंस,” काकू म्हणाल्या. “चार दिवस रडले असते. मरत नाही माणूस रडून.” मग नवऱ्याकडे वळून त्यांना पुढे बोलवेना. “अहो, मी... तुमची ती...”

काका त्यांच्याकडे बघत राहिले. सिद्धेशला वाटलं, आता ओरडणार.

“लग्न झाल्यापासून,” काका म्हणाले, “तू मलाही असंच वाढतेस. नको म्हटलं तरी आणखी एक पोळी, नको म्हटलं तरी आणखी भात. मी मेलो का?”

काकू हसल्या की रडल्या, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. अनीश उठून त्यांच्यामागे उभा राहिला.

“आणि सूनबाई, तू,” काका म्हणाले. “कार्ड येईपर्यंत या घरात गांजा नाही. मळमळीवर दुसऱ्या गोळ्या असतात, डॉक्टरांना मागतो. अंबाडी ठेवायची. ती आंबट असते म्हणालीस ना, नेत्रा?”

“झिणझिण्या येतात.”

“मला कितीतरी दिवसांत सगळं पत्र्यासारखं लागतंय. आंबट कळेल कदाचित.” ते उठायला लागले. “एक पान आण रे.”

“धुतल्या-शिजवल्याशिवाय नाही!” सासू आणि सून एकदम ओरडल्या.

“बरं, शिजवून. लसूण घाल भरपूर. आमच्याकडे गूळ घालतात.”

“आमच्याकडे नाही घालत,” आश्लेषा डोळे पुसत म्हणाली. “नागपूरला असला गोडमिट्टपणा चालत नाही.”

“बघ हं, सुलेखा, आत्ताच उलट बोलायला लागली,” काका म्हणाले, आणि अनीशकडे हात पुढे केला. “फोन दे. नाही, तू नको लावूस. मीच बोलतो.”

त्यांनी नंबर पाठ म्हटला, एकही आकडा न चुकता, आणि कानाला फोन लावून खुर्चीत ताठ बसले. पलीकडे बराच वेळ संगीत वाजलं. मग कोणीतरी बोललं.

“गुरुवारची अपॉइंटमेंट. येस, आय कॅन्सल्ड. नाऊ आय वॉन्ट इट बॅक.”

पलीकडून प्रश्न आला. काकांनी भुवया वर केल्या आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं.

“मॅडम,” ते म्हणाले, “आय अ‍ॅम व्हेरी शुअर. आय हॅव विटनेसेस.”