मंदाकिनी मॅडमची जांभळी साडी

ही गोष्ट कोणी रंगवून सांगितलेली नाही, घडलेली आहे. माजिवड्याच्या एका ऑफिसात, खंडेनवमीच्या भर दुपारी. जिच्या बाबतीत घडली ती ऋजुता माझी सख्खी मावसबहीण.

आदल्या वर्षीच्या खंडेनवमीला ऑफिसात कॉम्प्युटरची पूजा होती. लायटिंगची हौस ऋजुतालाच. तिने एक्स्टेन्शनची वायर वाटेत आडवी टाकली आणि दिसायला बरं म्हणून वर सतरंजी अंथरली.

नवरात्राचा त्या दिवशीचा रंग जांभळा. ऑफिसातल्या, रिटायरमेंटला आलेल्या आणि एरवी ड्रेस घालणाऱ्या मंदाकिनी मॅडम मुद्दाम साडी नेसून आलेल्या. फोटोसाठी हाका सुरू झाल्या तशा त्या लगबगीने निघाल्या...

आणि धाडकन पडल्या.

सगळे हसले. ऋजुताही. कसं झालं, असं साहेबांनी विचारताच ती बोलून गेली, "साडी पायात आली त्यांच्या."

मॅडम ओशाळल्या. "माझंच चुकलं हं," म्हणाल्या.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशननंतर न्यूमोनिया झाला आणि दिवाळीआधीच त्या गेल्या. ऋजुता डोंबिवलीला त्यांच्या घरी भेटायला गेली, तर त्यांचे यजमान विश्रामकाका एकच घोकत बसलेले. "साडी नेस म्हणून मीच मागे लागलो." ऋजुताला मान वर करवेना. तरी वायरचा विषय तिने काढला नाही.

यंदाच्या खंडेनवमीला सगळे जेवायला खाली गेलेले. ऋजुता एकटीच हार लावत होती.

मागून आवाज आला...

चपलांचा. एक पाय टाकलेला, दुसरा फरफटत.

वळून पाहिलं. कोणी नाही.

मग अगदी पायाशी, हलक्या आवाजात... "माझंच चुकलं हं."

ऋजुताला रडू फुटलं. लाजेने मेल्यासारखं झालं. "मॅडम, वायर मी टाकलेली."



"ठाऊक होतं गं मला. नोकरी नवीन होती तुझी." मग जरा थांबून... "पण ह्यांना सांग. रोज स्वतःलाच बोल लावतात."

ती तशीच डोंबिवलीला गेली. दारातच सगळं सांगून टाकलं. विश्रामकाका रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "पडली तेव्हा लगेच कोणी हात दिला का गं तिला?"

ऋजुताच्या डोळ्यांपुढे हसणारे चेहरे आले. त्यात स्वतःचाही.

"हो काका. लगेच."

आतल्या खोलीत कोणीतरी कण्हत उठलं...

काका तिथे एकटेच राहतात.